फिकट रंग इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये नेमके कसे सांगायचे?

मांडवीकाठ:

पणजीच्या फोंताइन्हास भागात आणि जुन्या गोव्यात पाहुण्यांना फिरवताना रंगांबद्दल सतत बोलावं लागतं. इंग्रजी रोजच्या सरावातली आहे, स्पॅनिश कामापुरती. पाहुणे स्पेनचे असतात, तसेच मेक्सिको आणि अर्जेंटिनाचेही. गडद रंगांना अडत नाही. अडतं ते फिकट रंगांपाशी.

मराठीत एकटा 'फिकट' सगळीकडे चालतो. भिंत फिकट, चेहरा फिकट, धुऊन धुऊन झालेला सदराही फिकट. इंग्रजीत मात्र कधी 'लाइट', कधी 'पेल', कधी 'फेडेड', आणि स्पॅनिशमध्ये 'क्लारो' घ्यायचा की 'पालिदो' हेच कळत नाही. शिवाय 'कासा' स्त्रीलिंगी असताना पुस्तकात 'कासा आसुल क्लारो' असं का छापतात, 'क्लारा' का नाही? पिवळसर, निळसर, पांढुरका यांना काय म्हणायचं? आणि एखादा पाहुणा उन्हात पांढराफटक पडला तर त्याला कोणत्या शब्दात विचारायचं?

जाणकारांनी उदाहरणं देऊन सांगावं. सगळं देवनागरीत लिहिलं तर गटातल्या सगळ्यांना वाचता येईल.

शब्दवेल्हाळ:

आधी इंग्रजी उरकू, कारण स्पॅनिशचा गोंधळ बराचसा तिथूनच येतो.

'लाइट ब्लू' म्हणजे निळा निळाच राहिला, फक्त उजळ झाला. 'पेल ब्लू' म्हणजे निळ्यातला निळेपणाच कमी झाला, रंग पांढऱ्याकडे किंवा राखाडीकडे सरकला. भिंतीकडे पाहिल्यावर आधी 'निळी' असं मनात आलं आणि मग 'पण उजळ आहे' असं वाटलं, तर 'लाइट'. आधी पांढरी वाटली आणि नीट पाहिल्यावर निळ्याची झाक दिसली, तर 'पेल'. अनेक ठिकाणी दोन्ही खपतात, कोणी चूक काढणार नाही. पण वर्णन करून दाखवणं हेच ज्याचं काम आहे त्याने हा फरक पाळावा.

'लाइट'ची एक अडचण आहे. त्याचा अर्थ हलका असाही होतो. 'अ लाइट जॅकेट' म्हटलं की ऐकणारा पातळ जॅकेट समजतो, फिकट रंगाचं नव्हे. रंगच सांगायचा असेल तर 'अ लाइट-कलर्ड जॅकेट'. 'अ लाइट रूम' म्हणजे भरपूर उजेडाची खोली. 'पेल'च्या बाबतीत हा घोटाळा होत नाही.

आणखी एक. 'यलोइश हाउस' म्हणू नका. 'इश' लावला की अर्थ 'थोडा पिवळा, नक्की पिवळा नाही' असा होतो, आणि भिंतीच्या बाबतीत तो मळकटपणाकडे झुकतो. फिकट पिवळी भिंत 'पेल यलो' किंवा 'सॉफ्ट यलो'. 'यलोइश' राखून ठेवा जुन्या कागदाला, दाताला, आणि जिथे खरोखरच रंग ठरत नाही तिथे.

आता स्पॅनिश. रंगाचं नाव आणि पुढे 'क्लारो', हा तिथला रोजचा, बिनधोक मार्ग. 'आसुल क्लारो', 'बेर्दे क्लारो', 'आमारियो क्लारो'. इंग्रजीच्या 'लाइट' आणि 'पेल' दोघांचंही बरंचसं काम हा एक शब्द करतो. 'पालिदो' रंगाला लावता येतो, 'आमारियो पालिदो', 'रोसा पालिदो' हे बरोबरच आहे, पण त्यात तेज गेल्याची, दुबळेपणाची छटा येते. म्हणून सुंदर, मुद्दाम निवडलेल्या फिकट रंगाला शंका आली तर 'क्लारो'च. त्याहून मऊ म्हणायचं असेल तर 'सुआवे'. बोलताना 'क्लारितो' म्हणतात, म्हणजे चांगलाच फिकट, आणि ऐकायलाही गोड लागतं.

'लिखेरो' मात्र रंगाला लावू नका. शब्दकोशात 'लाइट'पुढे तो सापडतो, पण तो वजनाचा हलका.

क्रम कायम: वस्तू, मग रंग, मग 'क्लारो'. 'क्लारो आसुल' असं उलटं होत नाही.

आता तुमचा 'क्लारा'चा प्रश्न. रंगाच्या नावापुढे 'क्लारो', 'ओस्कुरो' असं दुसरं विशेषण लागलं की दोन्ही शब्द सहसा पुल्लिंगी एकवचनात गोठतात. 'लास कासास आसुल क्लारो', 'ला पारेद आमारियो क्लारो', 'ओखोस बेर्दे क्लारो'. ना 'आसुलेस', ना 'क्लारास'. कारण मनात एक लपलेला शब्द असतो, 'दे कोलोर', म्हणजे 'अमुक रंगाचा', आणि 'कोलोर' हा पुल्लिंगी आहे. विशेषण त्याच्याशी जुळतं, घराशी नाही. तोंडात पटकन येत नसेल तर तो लपलेला शब्द उघड म्हणून टाका: 'उना कासा दे कोलोर आसुल क्लारो'. यात चुकायला जागाच राहत नाही.

पण 'क्लारो' एकटा आला की तो वस्तूशी जुळलाच पाहिजे: 'पारेदेस क्लारास' म्हणजे फिकट रंगाच्या भिंती, 'तोनोस क्लारोस' म्हणजे फिकट छटा. नुसता रंग आला तरी तसंच, 'लास कासास आमारियास'.

चुनाकाम:

भिंतींबद्दल विचारलंय म्हणून भिंतींच्या बाजूने सांगतो. फिकट दिसण्याची कारणं निरनिराळी असतात, आणि दोन्ही भाषांत कारणागणिक शब्द बदलतो. मराठीत आपणही 'विटका', 'उडालेला' असं म्हणतोच, फक्त घाईत सगळ्याला 'फिकट' म्हणून मोकळे होतो.

मुळातच फिकट दिलेला रंग. चुन्याची सफेदी हा याचा उत्तम नमुना. चुना स्वतः पांढरा, त्यामुळे त्यात पिवळी माती, गेरू किंवा नीळ कितीही चांगली मिसळली तरी रंग पांढऱ्यातूनच बाहेर येतो. रंगद्रव्य चुन्याच्या साधारण दहा टक्क्यांपुढे नेलं की चुना ते धरून ठेवत नाही, हात लावला की भुकटी हाताला लागते. म्हणून चुन्याच्या भिंती सौम्यच असतात. शिवाय ओला असताना चुन्याचा हात, म्हणजे थर, गडद दिसतो आणि वाळला की कितीतरी उजळतो. ओल्यावरून रंग ठरवला तर हमखास फसगत होते. आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टा मारून पूर्ण वाळू द्यावा, मग मिश्रण कमीजास्त करावं. प्रशियन निळा चुन्यात घालू नये, चुन्याच्या क्षारात तो टिकत नाही, तपकिरी पडतो. कपड्याची नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, चुन्यात चालते.

अशा भिंतीला इंग्रजीत 'पेल ओकर लाइमवॉश', स्पॅनिशमध्ये 'पिंतुरा आ ला काल, ओक्रे क्लारो'. 'काल' म्हणजे चुना. हा एक शब्द पाठ असला की जुनी घरं दाखवताना फार उपयोगी पडतो.

पावसाने, उन्हाने उडालेला रंग ही वेगळी गोष्ट. इथे 'लाइट' म्हटलं तर पाहुण्याला वाटेल की मालकाने असाच दिला होता. इंग्रजीत 'फेडेड'. फारच गेला असेल तर 'वॉश्ड-आउट'. स्पॅनिशमध्ये 'देस्कोलोरिदो', किंवा थोडा लिखाणातला 'देस्बाइदो'. ही दोन्ही भिंतीशी जुळवायची: 'पारेद देस्कोलोरिदा'. मेक्सिकोचे लोक 'देस्लाबादो' म्हणतील, तेही समजून घ्या.

रंग शाबूत आहे पण मंद आहे, चमक मारत नाही, अशाला इंग्रजीत 'म्यूटेड', स्पॅनिशमध्ये 'आपागादो', शब्दशः विझलेला. जुना गेरू बहुधा असाच असतो. त्याला 'पेल रेड' म्हणू नका, तो फिकट नाही, मंद आहे.

पावसाळ्यानंतर भिंतीवर जे काळे ओघळ येतात ते शेवाळ-बुरशीचे. त्यांचा रंगाशी संबंध नाही. 'मोहो' असा लिहिला जाणारा स्पॅनिश शब्द 'मोओ' असा उच्चारायचा, त्याचा अर्थ बुरशी. 'पारेद एन्नेग्रेसिदा पोर एल मोओ' म्हणजे बुरशीने काळवंडलेली भिंत.

दुभाषी_मडगाव:

वरच्या दोघांशी सहमत. गोव्यात आणखी एक पेच आहे, ज्यांच्या कानावर पोर्तुगीज आहे त्यांचा. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या की माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका रंगांत घसरतो.

पोर्तुगीज 'रोशो' म्हणजे जांभळा. स्पॅनिश 'रोखो' म्हणजे लाल. लिहिताना दोन्ही शब्दांत एकाच अक्षराचा फरक. पोर्तुगीज 'रुइवू' म्हणजे तांबड्या केसांचा, आणि स्पॅनिश 'रुब्यो' म्हणजे सोनेरी केसांचा. हा फिकट रंगांच्या विषयातला महत्त्वाचा शब्द आहे, कारण स्पॅनिशमध्ये फिकट सोनेरी केस 'क्लारो' नसून 'रुब्यो' असतात. फिकट तपकिरी केस 'कास्तान्यो क्लारो'. बिअर फिकट रंगाची असेल तर स्पेनमध्ये तीही 'रुब्या'. आणि स्पेनमध्ये 'उना क्लारा' मागितली तर बिअरमध्ये लिंबाचं पेय किंवा सोडा मिसळून येतो! मेक्सिकोत मात्र 'सेर्बेसा क्लारा' म्हणजे साधी फिकट रंगाची बिअर. शॅकवर काम करणाऱ्यांनी पाहुणा कुठला हे आधी विचारावं. इंग्रजीत 'लाइट बिअर' म्हणजे कमी उष्मांकाची किंवा कमी मद्याची, रंगाचा तिथे संबंध नाही. रंगाने फिकट ती 'पेल', म्हणून 'पेल एल'.

पोर्तुगीजमध्ये 'कोर', म्हणजे रंग, स्त्रीलिंगी. स्पॅनिशमध्ये 'कोलोर' पुल्लिंगी. 'ला कोलोर' म्हणायची सवय इथूनच लागते. आणि पोर्तुगीजमध्ये फिकट रंगांच्या जोडशब्दात मागचा शब्द वस्तूशी जुळतो, फिकट निळ्या खिडक्या असतील तर 'आझूल-क्लाराश'. स्पॅनिशमध्ये तसं होत नाही, 'आसुल क्लारो'च राहतो. शब्दवेल्हाळ यांनी कारण दिलंच आहे.

उच्चार. स्पॅनिशमध्ये 'झ' नाही. 'आझूल' म्हटलं की पोर्तुगीज झालं. लॅटिन अमेरिकेत 'आसुल', स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून 'आथुल'. आघात शेवटच्या अक्षरावर. 'पालिदो'त आघात पहिल्या 'पा'वर, आणि 'द' अगदी मऊ. 'बेर्दे' लिहिताना पहिलं अक्षर व्हीचं असतं, उच्चारताना 'ब'च. पिवळा बहुतेकांकडून 'आमारियो' ऐकू येईल, अर्जेंटिनाच्या पाहुण्याकडून 'आमारिशो'. तो वेगळा शब्द नाही.

देशागणिक सर्वांत जास्त घोळ आकाशी रंगाचा. अर्जेंटिना आणि उरुग्वेत 'सेलेस्ते' हा निळ्याचा फिकट प्रकार नव्हे, तो आपला स्वतंत्र रंग. जसा आपल्याला गुलाबी हा 'फिकट लाल' वाटत नाही. अर्जेंटिनाचा झेंडा 'सेलेस्ते' आणि पांढरा, उरुग्वेचा फुटबॉल संघ 'ला सेलेस्ते'. त्या पाहुण्यांसमोर आकाशी घराला 'आसुल क्लारो' म्हटलं तरी समजेल, पण 'सेलेस्ते' म्हटलं की चेहरा खुलतो. स्पेनमध्ये 'आसुल क्लारो' किंवा 'आसुल सेलेस्ते'. 'सेलेस्ते'ला लिंगाचा त्रास नाही, अनेकवचनात फक्त 'सेलेस्तेस'.

तसाच तपकिरी. स्पेनमध्ये 'मार्रोन क्लारो', मेक्सिकोत 'काफे क्लारो'. आणि गुलाबी स्पेन व मेक्सिकोत 'रोसा', दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'रोसादो'.

पिक्सेलगिरी:

एक पुरवणी, छापील पत्रकं आणि संकेतस्थळं करणाऱ्यांसाठी. 'लाइट' आणि 'पेल'मधला जो फरक वर सांगितलाय तो नुसता कानाचा नाही. १९५५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने रंगनामांचा जो कोश काढला, त्यात सगळे रंग २६७ गटांत बसवले आहेत. तिथे 'लाइट' आणि 'पेल' दोन्ही उजळच, पण 'पेल'मध्ये रंगाची मात्रा कमी. म्हणजे वरची कसोटी तिथेही लागू पडते.

संगणकावरच्या रंगनामांवर मात्र विसंबू नका. तिथे प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा यांच्या शून्य ते २५५ अशा मात्रांनी सांगतात, आकडे मोठे तितका रंग उजळ. वेबच्या यादीतला 'लाइटपिंक' २५५, १८२, १९३ आहे आणि नुसता 'पिंक' २५५, १९२, २०३. म्हणजे 'लाइट' लावलेला गुलाबी साध्या गुलाबीहून गडद. 'डार्कग्रे' तर 'ग्रे'पेक्षा उजळ आहे, १६९ विरुद्ध १२८. 'पेलग्रीन' आणि 'लाइटग्रीन' शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच झगझगीत. नावं वेगवेगळ्या जुन्या याद्यांतून एकत्र आली, त्यामुळे ती एकमेकांशी जुळत नाहीत. छापखान्याला नाव न देता आकडे द्यावेत.

पदरकाठ:

कापडाच्या दुकानातले शब्द कोणीच घेतले नाहीत, आणि परदेशी गिऱ्हाईक तिथेच सर्वांत जास्त गोंधळतं.

आपल्याकडे 'इंग्लिश कलर' म्हणजे पेस्टल छटा. इंग्रजाला हे ऐकून काहीच बोध होत नाही. 'पेस्टल शेड्स' म्हणावं. स्पॅनिशमध्ये 'तोनोस पास्तेल', आणि 'पास्तेल' अनेकवचनात बदलत नाही.

'सोबर कलर' हाही आपलाच. आपण तो फिकट, डोळ्यांना न खुपणाऱ्या रंगाला वापरतो. इंग्रजीत 'सोबर' म्हणजे गंभीर, आणि तो बहुधा गडद राखाडी, काळ्या कपड्याला लागतो. 'सोबर' मागितल्यावर आपण मोतिया साडी उघडतो आणि पाहुणी गोंधळते. 'सॉफ्ट' किंवा 'म्यूटेड' म्हणा. स्पॅनिश 'सोब्रियो'चंही तसंच आहे, त्याऐवजी 'सुआवे' किंवा 'दिस्क्रेतो'.

'स्किन कलर' टाळा. कोणाची कातडी हा प्रश्न लगेच उभा राहतो. 'बेज' म्हणा, स्पेनमध्ये 'बेइस'.

पांढऱ्याच्या छटा. 'लाइट व्हाइट' इंग्रजीत म्हणत नाहीत, पांढरा अजून फिकट होणार कसा? 'ऑफ-व्हाइट'. स्पॅनिशमध्ये 'ब्लांको रोतो', शब्दशः मोडका पांढरा, आणि त्यात काही कमीपणा नाही. किंचित पिवळ्याकडे गेला तर 'मार्फिल' म्हणजे हस्तिदंती, किंवा 'उएसो' म्हणजे हाडाचा. 'क्रेमा' सगळ्यांना कळतो. न धुतलेल्या, ब्लीच न केलेल्या सुताचा नैसर्गिक रंग 'क्रुदो', इंग्रजीत 'एक्रू' किंवा 'अनब्लीच्ड'. हातमागाच्या कापडाला हाच शब्द लागतो, 'क्रीम' नाही, कारण क्रीम म्हटलं की रंगवलेलं वाटतं.

पिस्ता रंगाला इंग्रजीत 'पिस्ताशिओ', स्पेनमध्ये 'बेर्दे पिस्ताचो', मेक्सिकोत 'बेर्दे पिस्ताचे'. अबोलीला नेमका शब्द नाही, 'सॅल्मन' आणि 'साल्मोन' सर्वांत जवळचे. फूल दाखवून सांगितलं तर उत्तम, इथे वेण्या काही दुर्मीळ नाहीत.

गिऱ्हाईक 'देस्तिन्ये?' विचारतं तेव्हा रंग फिकट होईल का एवढंच नसतं, रंग जातो का, दुसऱ्या कपड्यांना लागतो का, हे विचारायचं असतं. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, 'रन' म्हणजे रंग सुटणं, 'फेड' म्हणजे उडणं. नुसता उडण्याबद्दल बोलायचं तर स्पॅनिशमध्ये 'प्येर्दे कोलोर'.

शब्दवेल्हाळ:

माणसांचं आणि खाण्याचं राहिलं होतं.

पांढराफटक पडलेला पाहुणा: इंग्रजीत 'यू लुक पेल'. इथे 'लाइट' कधीच नाही. स्पॅनिशमध्ये 'पालिदो'ची खरी जागा हीच, आणि क्रियापद 'एस्तार', कारण आत्ताची अवस्था आहे. वयाने मोठ्या बाईंना: 'से एन्क्वेन्त्रा ब्येन? एस्ता उस्तेद पालिदा. स्येन्तेसे आ ला सोम्ब्रा.' बरं वाटतंय ना, तुम्ही फिक्या पडल्या आहात, सावलीत बसा. पुरुषाला 'पालिदो'. 'सेर' वापरून 'एस पालिदो' म्हटलं तर मुळातच निस्तेज वर्णाचा, असा अर्थ होतो, आणि तो तोंडावर म्हणायचा नसतो. घाबरून पांढरा पडला असेल तर 'से पुसो ब्लांको', आणि आपल्या 'पांढराफटक'च्या जोडीला 'ब्लांको कोमो ला पारेद', भिंतीसारखा पांढरा.

गोऱ्या वर्णाला इंग्रजीत 'फेअर-स्किन्ड', स्पॅनिशमध्ये 'दे प्येल क्लारा'. घारे, निळे, हिरवट सगळे डोळे मिळून 'ओखोस क्लारोस'. लग्नाच्या जाहिरातीतला 'व्हीटिश' भारताबाहेर कोणाला कळत नाही. पाहुण्याच्या वर्णावर बोलूच नये, हे सांगायला नकोच. मेक्सिकन पाहुणे आपसात 'ग्वेरो', 'ग्वेरा' म्हणताना ऐकू येतील, म्हणजे गोरा किंवा सोनेरी केसांचा. ऐकावं, आपण म्हणू नये.

आता पिवळसर, निळसर. स्पॅनिशमध्ये प्रत्येक रंगाचा प्रत्यय ठरलेला आहे आणि तो पाठच करावा लागतो: आसुलादो, बेर्दोसो, रोखिसो, ग्रिसासेओ, ब्लांकेसिनो, आमारियेन्तो. यांतले 'आसुलादो' आणि 'रोखिसो' निर्मळ आहेत. 'आमारियेन्तो' मात्र जपून. जुना कागद, तंबाखूचे दात, आजारी कातडी यांना तो शोभतो. फोंताइन्हासच्या पिवळ्या घराला लावलात तर घरमालकाचा अपमान होईल. 'ब्लांकेसिनो' ठीक, पण त्याचा भाऊ 'ब्लांकुस्को' मळकट पांढऱ्यासाठी. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझु चर्चच्या जांभ्या दगडाला 'रोखिसो' अगदी फिट बसतो. आणि प्रत्यय आठवला नाही तर 'तिरान्दो आ' वापरा, म्हणजे 'कडे झुकणारा': 'आमारियो तिरान्दो आ क्रेमा'. चुन्याच्या भिंतींना तर हा फारच उपयोगी, कारण तिथला रंग दोन नावांच्या मधेच कुठेतरी असतो.

खाण्यात आपला 'फिका' दगा देतो. फिका चहा म्हणजे दूध-साखर-पावडर नक्की काय कमी, ते आधी ठरवा. पावडर कमी असेल तर 'वीक टी', स्पॅनिशमध्ये 'ते फ्लोखो'. साखर नसेल तर 'विदाउट शुगर', 'सिन आसुकार'. 'पेल टी' आणि 'ते पालिदो' ऐकून लोक कपाकडे बघत राहतील. मीठ कमी पडलेली फिकी आमटी इंग्रजीत 'ब्लँड', स्पॅनिशमध्ये 'सोसा'. फेणी पांढरी नाही, इंग्रजीत 'क्लिअर', स्पॅनिशमध्ये 'त्रान्सपारेन्ते' किंवा 'इन्कोलोरा'. सोलकढी 'पेल पिंक' आणि 'रोसा क्लारो'. तिच्यात नारळाचं दूध रंगाला पांढऱ्याकडे नेतं, म्हणून इंग्रजीत 'पेल'च बरोबर.

मांडवीकाठ:

सगळ्यांचे आभार. बोलायची तीन वाक्यं तयार केली आहेत, तपासून द्या.

'एस्तास कासास सोन आसुलेस क्लारास.'
'ला पारेद एरा रोखा, आओरा एस पालिदा.'
'ला बेन्ताना दे कोन्चास दा उना लुस क्लारा.' हे शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीसाठी, आतल्या उजेडाबद्दल.

शब्दवेल्हाळ:

पहिलं: 'एस्तास कासास सोन दे कोलोर आसुल क्लारो.' अर्जेंटिनाच्या गटासमोर 'सोन सेलेस्तेस'.

दुसरं: इथे रंग उडाल्याचं सांगायचं आहे, म्हणून 'पालिदा' काढा. शिवाय झालेला परिणाम असल्यामुळे 'एस' नव्हे, 'एस्ता'. 'ला पारेद एरा रोखा, ई आओरा एस्ता देस्कोलोरिदा पोर ला युब्या.' 'युब्या' म्हणजे पाऊस. इंग्रजीत: 'द वॉल वॉज रेड, अँड द रेन हॅज फेडेड इट.'

तिसरं: व्याकरण ठीक आहे, अर्थ उलटा झाला. 'लुस क्लारा' म्हणजे लख्ख, स्वच्छ उजेड. शिंपला ऊन गाळून आत सोडतो. त्या मंद उजेडाला 'तेनुए' म्हणतात, आणि दुधाळ म्हणायचं तर 'लेचोसा'. 'ला बेन्ताना दे कोन्चास देखा पासार उना लुस तेनुए ई लेचोसा.' 'लुस' स्त्रीलिंगी आहे म्हणून 'लेचोसा', आणि 'तेनुए' दोन्ही लिंगांत तसाच. इंग्रजीत 'अ सॉफ्ट, मिल्की लाइट'. 'पेल लाइट'ही चालेल, पण तो पहाटेच्या किंवा ढगाळ दिवसाच्या उजेडाला जास्त शोभतो.

दुभाषी_मडगाव:

तिसऱ्या वाक्यात एक भर. शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराला स्पॅनिशमध्ये 'नाकार' म्हणतात, आघात 'ना'वर, आणि तशा मोतिया झळाळीला 'नाकारादो'. पाहुण्याला तावदान जवळून दाखवणार असाल तर काचेऐवजी पातळ, जवळजवळ चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत सरकवून बसवलेले असतात हे सांगून मग 'ब्लांको नाकारादो' म्हणा. 'ब्लांकेसिनो' तिथे नको, त्याने झळाळी हरवते.